काठ

मिरच्यांच्या वाफ्यावरून सोडवून आणली
द्रौपदी आरोलकरनं ती सीडी.
मधल्या भोकात अजून सुंभाचा तुकडा.
तीन वर्षं पोपटांना भिववलं तिनं,
आता म्हणे, "वाजता काय बघ."

शिरोड्याच्या बाजारात माझं दुकान.
इथून समुद्र दिसत नाही. स्क्रू गंजतात,
त्यावरून कळतं तो कुठं आहे.

सीडी माझ्या ओळखीची.
डबलबारी, हायस्कूलचं पटांगण, मे महिना,
पखवाजाला पुंडलिक आरोलकर,
रेकॉर्डिंगला मी.
हजार प्रती छापल्या. तीनशे खपल्या.

पुसली. मधून काठाकडे, सरळ रेघेत.
गोल पुसलं तर ओरखडा वाटेच्या बरोबरीनं धावतो,
वाचणाऱ्याला दम घ्यायला जागा ठेवत नाही.

"ह्येच्यात तेचो हात खंय आसा?"
काय सांगू.
सेकंदाचे चव्वेचाळीस हजार शंभर तुकडे केले, वहिनी,
प्रत्येक तुकड्यात हवा किती दबली ते मोजलं.
पखवाज संपला, नुसते आकडे उरले.
ते ह्या चकाकीत टोचलेत,
केसाहून कितीतरी बारीक खळग्यांची एकच रांग,
आतून बाहेर वेटोळं घालत गेलेली.
उलगडली तर आरवली ओलांडून जाईल.

ओहोटीला वेळागरावर अनवाणी चाला, डोळे मिटून.
कुर्ल्यांनी उकरलेलं पायाला लागतं ना?
खळगा म्हणजे एक, सपाट म्हणजे शून्य,
असं मलाही पुष्कळ वर्षं वाटायचं.
तसं नाही.
एक असतो काठावर.
पाय खाली जातो तिथं, वर येतो तिथं.
खळग्याच्या पोटात शून्य, कोरड्या वाळूवरही शून्य.
लालाच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा उजेड
तेवढंच विचारत जातो:
बदललं? नाही बदललं?

तिनं ऐकून घेतलं,
पिशवीतून चष्मा काढला
आणि सीडीत आपलं तोंड बघितलं.

लावली. आतल्या फेऱ्यांना गरगरली,
काठाकडे सरकू लागली तशी सावकाश झाली.
रांग डोळ्यांखालून एकाच चालीनं जायला हवी,
आणि बाहेर घेर मोठा.

गजर झाला. पखवाज आला. ती भिंतीकडे बघत होती.
गजरासाठी आलीच नव्हती.
"शेवट लाव."

शेवटी टाळ थांबतात.
मी बटण दाबायला विसरलेलो,
आणि पुंडलिक पुडीवरची कणीक खरवडत म्हणतो,
"बंद केलंस मां?"

नेमका तिथंच काठ. तिथंच खारं वारं
लाखेच्या थराखाली शिरून
ॲल्युमिनियम खात आलेलं.
दिव्यासमोर धरली तर चांदण्या दिसतात.

पण रापणीची मासळी एका घरात जाते का?
आवाजही एका जागी ठेवत नाहीत.
त्याचे वाटे पांगवलेले असतात दूर दूर,
एखादा बुडाला तर बाकीचे हिशेब मांडून
त्याचं माप सांगतात.
फारच बुडाले, तर यंत्र मागचा आकडा बघतं,
पुढचा बघतं,
मधला अदमासानं ठेवतं.

"बंद के"
पुन्हा लावली.
"बंद केलंस"
चौथ्या खेपेला "मां" सुद्धा आला, जरा घोगरा.

मी खरं ते सांगितलं.
ह्यातलं काही त्याचं, काही यंत्रानं भरलेलं.
"कोणाच्या अदमासान?"
आजूबाजूच्या त्याच्याच आवाजाच्या.
"मगे तेचोच तो."

पैसे नको म्हटलं.
तिनं सीडी पदरानं पुसली, गोल गोल.
मी काही बोललो नाही.

दारातून परत फिरली.
"वाफ्यार बांधूक दुसरी आसा?"
आहे, म्हटलं, पण कोरी. हिच्यात काहीच नाही.
"पोपटाक काय कळता."